घर तापवण्यासाठी फुकट सरपण कसे जमवावे आणि कसे रचावे

थंडीत घर लाकडावर तापवणाऱ्या माणसाला सरपण फुकट मिळू शकते, आणि शोधायला निघाले की ते वाटते त्यापेक्षा लवकर सापडते. खरे काम त्यानंतर सुरू होते. फुकट मिळणारे लाकूड बहुधा नुकत्याच तोडलेल्या झाडाचे असते. ते ओले, जड आणि मोठ्या ओंडक्यांच्या रूपात हाती येते, आणि मऊ जातीचे असेल तर एक उन्हाळा, कठीण जातीचे असेल तर दोन उन्हाळे उलटल्याशिवाय जाळण्याजोगे होत नाही. म्हणून या कामाला थंडी सरता सरताच हात घालावा आणि येत्या थंडीऐवजी तिच्या पुढच्या थंडीचा हिशोब मनाशी धरावा. ज्याच्या अंगणात नेहमी दोन वर्षांचे सरपण रचलेले असते, त्याला ऐन थंडीत धुमसणाऱ्या शेगडीपुढे डोळे चोळत बसावे लागत नाही.

ओलाव्याचा हिशोब

ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. जातीनुसार हे प्रमाण कमीअधिक होते, पण निम्मे धरून चालायला हरकत नाही. १० किलोचा ओला ओंडका घेतला, तर त्यात ५ किलो लाकूड आणि ५ किलो पाणी असते. ओलावा एकूण वजनाच्या २० टक्क्यांवर येईपर्यंत तोच ओंडका वाळवला की त्याचे वजन सव्वासहा किलो भरते. म्हणजे मधल्या काळात त्यातून पावणेचार लिटर पाणी हवेत निघून गेलेले असते. २० टक्के ही जाळण्यायोग्य लाकडाची सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि त्याखाली जितके जाता येईल तितके चांगले.

हे पाणी वाऱ्याने नेले नाही, तर ते आगीला काढावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो पूर्ण कोरड्या लाकडातून १८ ते १९ मेगाज्यूल मिळतात. या हिशोबाने ओल्या ओंडक्यातली साधारण सातव्या हिश्शाची उष्णता पाणी उकळण्यातच खर्ची पडते. तोटा एवढ्यावर थांबला असता तर एक वेळ परवडले असते. पण लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात, लाकडाच्या एकूण उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंमध्ये असते, आणि ते पूर्णपणे जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. वाफेने आग थंडावली की हे वायू न जळताच धूर होऊन वर जातात आणि धुराड्याच्या गार भिंतींवर काळ्या, चिकट डांबरासारखे साचत राहतात. हाच थर पुढे कधीतरी पेट घेतो आणि धुराड्याला आग लागते. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ असे आपण म्हणतो, आणि शेगडीत ते खरेही ठरते. पण तिथे ओले जळते ते सुक्याच्या उष्णतेवर, आणि तेवढी उष्णता घराच्या वाट्याला येत नाही.

लाकडाच्या जातीवरून लोक बराच काथ्याकूट करतात. किलोला किलो तोलले, तर सगळ्या जातींची कोरडी लाकडे जवळपास सारखीच उष्णता देतात. कठीण लाकूड घट्ट असल्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक मावते आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो, म्हणून रात्रभराच्या आगीला ते सोयीचे असते; मऊ आणि राळेचे लाकूड चटकन पेटते, म्हणून ते आग पेटवायला आणि घर झटपट उबदार करायला उपयोगी पडते. मात्र नीट वाळलेले पाइनचे मऊ लाकूड हे ओल्या ओकच्या कठीण लाकडापेक्षा केव्हाही सरस असते. फुकट घेणाऱ्याने जातीबाबत फार चोखंदळ राहू नये. जे मिळेल ते घ्यावे आणि कठीण व मऊ लाकूड वेगवेगळे रचावे.

कुठे शोधावे, कोणाला विचारावे

वादळानंतरचे काही दिवस सर्वांत चांगले असतात. झाड कोणाच्या अंगणात पडले, तर ते हलवणे ही त्या घराची डोकेदुखी असते, आणि ‘मी कापून नेतो, जागा झाडूनही देतो’ असे म्हणणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. दुसरा स्रोत म्हणजे झाडे छाटणारे व्यावसायिक. तोडलेल्या लाकडाची विल्हेवाट लावायला त्यांना स्वतःला वेळ आणि पैसा खर्चावा लागतो, त्यामुळे काम चालू असलेल्या जागेजवळ राहणारा माणूस लाकूड घ्यायला तयार असेल, तर ते गाडी दारात रिकामी करून जातात. मात्र आधीच स्पष्ट बोलून घ्यावे: पाने, काटक्या आणि भुसा नको, आणि जमल्यास ओंडके आपल्या शेगडीच्या मापाचे कापून हवेत. विजेच्या तारांखालची छाटणी, नवीन बांधकामासाठी मोकळी होणारी जमीन, उपटल्या जाणाऱ्या जुन्या फळबागा आणि लाकूड चिरण्याच्या गिरणीत उरणाऱ्या सालीकडच्या फळ्या यांवरही लक्ष ठेवावे.

पडलेले झाडही कोणाच्या तरी मालकीचे असते, हे विसरू नये. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्यावी, आणि शक्य असेल तर लेखी घ्यावी. सार्वजनिक जंगलात अनेक ठिकाणी परवाना लागतो व किती लाकूड न्यावे याला मर्यादा असते. संरक्षित क्षेत्रात तर खाली पडलेली काटकी उचलण्यासही बंदी असू शकते. त्यामागे कारण आहे. मेलेल्या लाकडात भुंगेरे, बुरशी आणि असंख्य लहान जीव राहतात, ढोलीत पक्षी घरटी करतात, आणि कुजलेले लाकूड मातीला पोसते. परवानगी असली तरी ढोली असलेले उभे खोड तोडू नये आणि कुजत आलेले लाकूड जागीच राहू द्यावे. आपल्याला त्यातून ऊब जवळपास मिळतच नाही, आणि जंगलाचे नुकसान मात्र होते.

लाकूड जिथे मिळाले त्याच्या जवळपासच जाळावे, दूरच्या प्रदेशात वाहून नेऊ नये. सालीखाली किडींची अंडी आणि अळ्या असतात, आणि ओंडक्यांबरोबर त्याही प्रवास करतात. अमेरिकेत २००२ साली मिशिगन राज्यात अ‍ॅश झाडाचे खोड पोखरणारा हिरवा भुंगेरा प्रथम आढळला. त्यानंतर त्याने कोट्यवधी झाडे मारली, आणि तो लांबच्या जागी पोहोचण्यामागे सरपणाची वाहतूक हे एक मोठे कारण होते.

काय घेऊ नये

रंगवलेले, व्हार्निश केलेले किंवा किडींपासून वाचवण्यासाठी रसायनात मुरवलेले लाकूड फुकटच काय, पण वर पैसे देऊन मिळाले तरी घेऊ नये. हिरवट झाक असलेल्या जुन्या मुरवलेल्या खांबांत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते. ते धुरात आणि राखेत उतरते. प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्यांमध्ये डिंकासारखी रसायने असतात, आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर डांबरी तेलात बुडवलेले असतात. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर शिक्का पाहावा: इंग्रजी ‘एचटी’ अक्षरे असतील तर ती उष्णतेने निर्जंतुक केलेली असते, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि ती जाळू नये. शिक्का नसेल किंवा लाकडावर सांडलेल्या द्रवाचे डाग असतील तरीही ती सोडून द्यावी. समुद्रातून वाहून आलेल्या लाकडात मीठ मुरलेले असते. ते लोखंडी शेगडी गंजवते आणि जळताना विषारी संयुगे तयार करते. कण्हेरीचे लाकूड आणि अंगाला खाज आणणाऱ्या विषारी वेली गुंडाळलेले ओंडके यांचा धूर फुप्फुसांना घातक असतो, म्हणून तेही टाळावे.

कुजकेपणाची परीक्षा सोपी आहे. खिळा किंवा चाकूचे टोक दाबून पाहावे. ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले आणि लाकूड आकाराच्या मानाने हलके लागले, तर त्यातले जळण्याजोगे बुरशीने आधीच खाऊन टाकलेले असते.

जागेवर कापताना

उभे झाड पाडणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, आणि या लेखात मी ते जाणूनबुजून घेत नाही. पण पडलेले झाडही निर्जीव ओझे नसते. वाकलेल्या फांदीत ताण साठलेला असतो. ज्या बाजूला ती ताणलेली असते तिथे पहिला घाव घातला, तर ती धनुष्यासारखी उसळते; दाबलेल्या बाजूला खोल कापले, तर करवत चिमटीत सापडल्यासारखी अडकते. म्हणून आधी दाबाच्या बाजूला उथळ खाच घ्यावी, मग ताणाच्या बाजूने सावकाश कापावे आणि स्वतः फांदी उसळण्याच्या रेषेबाहेर उभे राहावे. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले की मुळांचा प्रचंड गड्डा अचानक परत उभा राहू शकतो, त्यामुळे त्याच्या मागच्या खड्ड्यात कोणीही, विशेषतः लहान मुलांनी, जाऊ नये. दुसऱ्या झाडात अडकलेल्या खोडाखाली आणि विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीजवळ तर जाऊच नये. चेनसॉ, म्हणजे साखळीची यंत्र-करवत, वापरताना साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नये, कारण तिथूनच यंत्र उलटून तोंडाकडे येते. हेल्मेट, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, भक्कम बूट आणि पायांना कापापासून वाचवणारी विजार नसेल तर यंत्र सुरू करू नये, आणि एकट्याने काम करू नये.

ओंडके शेगडीच्या पोटापेक्षा पाच-सात सेंटिमीटर आखूड कापावेत. बहुतेक शेगड्यांना ३० ते ४० सेंटिमीटरची लांबी चालते. करवतीच्या दांड्यावर मापाची एक रेघ ओढून ठेवली की सगळे तुकडे सारखे निघतात, आणि पुढे चवड रचताना या सारखेपणाची किंमत कळते. ४० सेंटिमीटर जाडीचा आणि तेवढ्याच लांबीचा एक ओला ओंडका सुमारे ५० किलो भरतो. तसे वीस ओंडके म्हणजे एक टन. गाडीत जागा उरली आहे म्हणून भरत राहू नये. चाकांकडे आणि गाडीच्या भारक्षमतेकडे पाहून थांबावे. उचलायला जड वाटणारा ओंडका जागेवरच फोडून अर्धा करावा.

फोडणे

लाकूड ओले असतानाच फोडावे. बहुतेक जाती ओल्या असताना सोप्या फुटतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सालीत बंद असलेला गोल ओंडका वर्षानुवर्षे आतून ओला राहू शकतो. लाकडातले पाणी तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या दोन तोंडांतून, कित्येक पटींनी जलद बाहेर पडते आणि सालीतून जवळजवळ पडतच नाही. आखूड कापणे आणि फोडणे या दोन गोष्टी केल्या की वाळण्याचे निम्मे काम झाले असे समजावे. बर्चसारखे झाड तर न फोडता ठेवले की सालीच्या आतल्या आत कुजते.

ज्यावर ओंडका ठेवून फोडायचा तो ठोकळा गुडघ्याएवढा किंवा त्याहून थोडा बुटका असावा, म्हणजे हुकलेली कुऱ्हाड पायाऐवजी लाकडात किंवा जमिनीत जाते. पातळ पात्याची तोडायची कुऱ्हाड इथे रुतून बसते. जाड, पाचरीसारख्या डोक्याची अडीच ते साडेतीन किलोची कुऱ्हाड हवी. घाव घालण्यापूर्वी ओंडक्याचे तोंड नीट पाहावे. मध्यापासून कडेकडे गेलेल्या बारीक चिरा दिसतात. त्यांपैकी सर्वांत लांब चिरेवर घाव घालावा आणि गाठ टाळून जावे, कारण गाठीपाशी तंतू वळलेले असतात. ओंडका लहान असेल तर मधोमध, मोठा असेल तर कडेने. पन्नास सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याच्या मध्यावर कुऱ्हाड नुसती उसळते, तोच ओंडका कडेने चार बोटे रुंदीचे थर काढत गेल्यास गोलाकार सुटत जातो आणि शेवटी मधला गाभा एका घावात दुभंगतो. ठोकळ्यावर जुना टायर बसवून त्यात ओंडका उभा केला, तर फुटलेले तुकडे इकडेतिकडे उडत नाहीत आणि दर घावाला वाकावे लागत नाही. माझ्या पाठीला या एका युक्तीने फार आराम मिळाला. तंतू पिळलेले असतील आणि कुऱ्हाड दाद देत नसेल, तर लोखंडी पाचर आणि घण वापरावा. तुकडे ८ ते १५ सेंटिमीटर जाडीचे करावेत, त्यांत काही मनगटाएवढे बारीकही असावेत.

चवड रचणे

माझ्या पहिल्या वर्षीची चूक इथे सांगतो. पावसाच्या भीतीने मी फोडलेल्या लाकडाची सगळी रास निळ्या ताडपत्रीत जमिनीपर्यंत गुंडाळली आणि दोऱ्यांनी करकचून बांधली. तीन महिन्यांनी दोरी सोडली तेव्हा ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते, आंबट वास येत होता, आणि कापलेल्या प्रत्येक तोंडावर पांढरी, कापसासारखी बुरशी चढलेली होती. लाकडातून निघालेल्या पाण्याला जायला वाट ठेवलीच नव्हती. पावसाने चवडीच्या बाजू भिजल्या, तर ते पाणी वरवरचे असते आणि दोन-तीन वाऱ्याच्या दिवसांत सुकते; आतले पाणी अडकले, तर लाकूड नासते. झाकायचा तो फक्त माथा, बाजू मोकळ्याच हव्यात.

जागा निवडताना आधी वारा पाहावा आणि मग ऊन. ऊन लाकडाला तापवते, पण त्यातून निघालेली वाफ वाऱ्यानेच दूर जाते. मुख्य साठा घराच्या भिंतीला लागून ठेवू नये: वाळवी आणि उंदीर लाकडातून घरात शिरतात, आणि वणव्याचा धोका असलेल्या भागात घराला आग पोहोचवणारी ती वातच ठरते. अशा भागात चवड घरापासून किमान ९ मीटर दूर ठेवावी. शेडच्या भिंतीशी रचायचीच असेल, तर मध्ये हातभर नसली तरी निदान चार बोटांची फट सोडावी.

जमिनीतला ओलावा वर चढतो, म्हणून पाया १० ते १५ सेंटिमीटर उंच हवा. दोन समांतर वासे, सिमेंटचे ठोकळे किंवा चांगली पॅलेट यांपैकी काहीही चालते. पाया सपाट असल्याची खात्री करण्यात घालवलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत, कारण खालच्या थरातला थोडासा कल वर जाता जाता वाढतो.

रांग एकेरी असावी, म्हणजे प्रत्येक तुकड्याची दोन्ही तोंडे हवेत राहतील आणि वारा आरपार जाईल. जागेअभावी दोन रांगा कराव्या लागल्या, तर मध्ये वीतभर अंतर ठेवावे. रांगेच्या दोन्ही टोकांना आधार लागतो, आणि तो लाकडाचाच करता येतो: एका थरात तीन तुकडे एका दिशेने, त्यावरच्या थरात तीन त्यांना आडवे, असे करत चौकोनी मनोरे उभारावेत. यासाठी सरळ, चौकोनी फुटलेले तुकडे बाजूला काढून ठेवलेले असले की काम झपाट्याने होते. मग मधली जागा भरत जावे. प्रत्येक तुकडा खालच्या दोन तुकड्यांच्या खोबणीत बसवावा, हाताने हलवून पाहावा, आणि डुगडुगत असेल तर फिरवून दुसऱ्या बाजूने बसवावा. तुकडे घट्ट दाबून बसवण्याचा मोह टाळावा, फटी हव्यातच. सर्वांत वरचा थर साल वर करून ठेवावा, म्हणजे पाणी निथळून जाते. उंची छातीपर्यंत, म्हणजे १.२ मीटरच्या आसपास ठेवावी. वाळताना लाकूड आकसते आणि ऊन्हाकडची बाजू अधिक लवकर आकसते, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत चवड एका बाजूला झुकू लागली आहे का, हे अधूनमधून पाहावे. झुकू लागलेली उंच चवड खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर कोसळू शकते.

गोलाकार चवडही रचता येते. दोन ते तीन मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या कडेने तुकडे आतल्या बाजूला किंचित उतरते लावतात, मध्यभागी वेडेवाकडे तुकडे भरतात आणि माथ्याला सालीचे तुकडे कौलांसारखे पसरतात. ती देखणी दिसते आणि आधाराशिवाय उभी राहते. तरी जड, ओल्या लाकडासाठी मी एकेरी रांगच पसंत करतो, कारण गोल चवडीचा गाभा वाऱ्यापासून लांब राहतो.

माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री टाकावी, ती दोन्ही बाजूंना वीतभर पुढे यावी, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर वजन ठेवावे, आणि प्रत्येक रांगेला कापणीचा महिना व वर्ष खडूने लिहिलेली फळी अडकवावी. दोन वर्षांनी कोणती रांग आधीची, हे आठवणीवर सोडता येत नाही.

वाळले की नाही, हे कसे ओळखावे

तोंडावर भेगा पडल्या म्हणजे लाकूड वाळले असे बरेच जण मानतात, पण त्या भेगा लाकूड आकसू लागताच पडतात आणि आत तेव्हाही बराच ओलावा असू शकतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावे: वाळलेले खणखणीत वाजतात, ओले ‘ठप’ करून बसतात. साल सहज सुटते, रंग फिका पडतो आणि ताज्या लाकडाचा वास जातो. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र असेल, तर तुकडा नव्याने फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर तंतूंच्या दिशेने टोचावे, कारण बाहेरचा पृष्ठभाग नेहमी कोरडाच भासतो. ही यंत्रे बहुधा कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून आकडा दाखवतात, त्यामुळे त्यांवरचे २५ म्हणजे एकूण वजनाच्या हिशोबाने २० टक्के होतात. यंत्र नसेल तर चवडीच्या वेगवेगळ्या भागांतले चार-पाच तुकडे खूण करून दर महिन्याला त्यांचे वजन करावे. सलग दोन कोरड्या महिन्यांत वजन उतरले नाही, म्हणजे बाहेरच्या हवेत जेवढे वाळायचे तेवढे ते वाळले.

घरात दोन-चार दिवस पुरेल एवढेच लाकूड आणावे, शेगडीला टेकवून ठेवू नये, आणि चवडीतून काढताना जाड हातमोजे घालावेत, कारण विंचू, कोळी आणि साप यांना अशा उबदार फटी आवडतात. धुराडे वर्षातून किमान एकदा साफ करून घ्यावे आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवावे. सर्वांत जुनी रांग आधी वापरावी. ती संपली की पायाखालचा भुसा आणि साली झाडून काढाव्यात, वासे कुजले आहेत का ते पाहून बदलावेत, आणि नव्याने फोडलेल्या ओल्या लाकडाचा पहिला थर तिथेच लावावा.